उभ्या फ्रेममध्ये शॉर्टफिल्म करायचीय, वाड्यातली. मुळातच उभी शूट करू की आडवी शूट करून नंतर कापू?

चौकातलं_ऊन

नमस्कार मंडळी, दोनेक वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण गेले तीन महिने डोक्यात एकच गोष्ट आहे आणि ती आता कोणाला तरी सांगायलाच हवी.

मी नोकरी करते, हिंजवडीला, म्हणजे दिवसाचे तीन तास बसमध्ये. त्या बसमध्येच ही गोष्ट लिहिली. सदाशिव पेठेतला एक जुना वाडा, खाली एकट्या राहणाऱ्या आजी, गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, आणि वर माळ्यालगतच्या खोलीत एमपीएससीचा अभ्यास करणारा लातूरकडचा मुलगा. दोघांची गाठ अशी फारशी पडतच नाही. चौकात वरून एक दोरी सोडलेली असते, आजी खाली पिशवीत डबा ठेवतात, तो वरून ओढून घेतो, आणि रिकामा डबा खाली येताना त्यात कधी लाइटबिलाचे पैसे कधी चिठ्ठी कधी कडुलिंबाची पानं असं काहीबाही येतं. बस, एवढंच. आठ मिनिटं. संवाद जवळजवळ नाहीतच. वाडा मावशीच्या सासरचा आहे, दिवाळीनंतर पाडणार आहेत, तोपर्यंत शूटची परवानगी आहे.

आता मुद्दा. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून उभीच दिसते. खाली आजी, वर तो, मधे दोरी. मी मोबाईल उभा धरून चौकाचे फोटो काढले तेव्हा वाटलं अरे हाच तर सिनेमा आहे. पण माझा कॅमेरावाला मित्र (चांगला आहे, लग्नं आणि कॉर्पोरेट करतो पण मनापासून करतो) म्हणतो उभं शूट केलंस तर ती रील होते, फिल्म होत नाही, फेस्टिवलला कोणी घेणार नाही, त्यापेक्षा फोर-केमध्ये आडवं शूट कर आणि इन्स्टासाठी मधला भाग काप, दोन्ही डगरींवर हात राहतो.

मला दोन्ही डगरींवर हात नकोय. पण तो चुकतोय हे त्याला समजावून सांगता येईल एवढं मला तांत्रिक कळतही नाही. उभ्या फ्रेममध्ये खरंच काही वेगळं सांगता येतं का, की मी नुसती वाड्याच्या प्रेमात आहे? आणि दोन माणसं एका फ्रेममध्ये बसवायची कशी? मोकळेपणाने सांगा.

---

रात्रपाळी_एडिटर

आधी क्रॉपचं बोलतो कारण ते गणित आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. १६:९ च्या, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ अशा, आडव्या फ्रेममधून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर चित्राचा साधारण ३२ टक्केच भाग हातात राहतो. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, त्यातून पूर्ण उंची घेतली तरी रुंदी मिळते १२१५ पिक्सेल. मोबाईलला पुरेल, पण पुढे एडिटमध्ये अजून थोडं झूम करायचं म्हटलंस की संपलं. फुल एचडीत शूट केलं असेल तर ६०७ पिक्सेल रुंदी, ते विसरच.

पण खरा तोटा पिक्सेलचा नाहीये. मित्र आडवी फ्रेम लावणार तेव्हा तो आजींना डावीकडे ठेवेल, उजवीकडे तुळशीवृंदावन, मधे हवा. छान दिसेल. मग मी एडिट टेबलवर त्यातून उभी पट्टी कापणार तेव्हा एकतर आजी राहतील नाहीतर तुळस, आणि मधली हवा तर दोन्हीकडून गेली. आणि दोन्ही डगरींवर हात ठेवायचा म्हणून त्याने सगळं मधोमध लावलं तर तुझी आडवी फिल्म पासपोर्ट फोटोसारखी होईल आणि उभीसुद्धा. मी असल्या दोन-दोन आकारांच्या डिलिव्हरी गेली चार वर्षं कापतोय, एकदाही दोन्ही चांगल्या झाल्याचं आठवत नाही.

तुझी गोष्ट वाचली. उभीच कर. कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून एल-ब्रॅकेटवर (कॅमेरा ट्रायपॉडवर उभा बसवायची एल आकाराची पट्टी) लाव आणि मॉनिटरसुद्धा उभाच लाव, मान वाकडी करून फ्रेमिंग करायचं नाही, चूक तिथेच होते.

---

सिंगल_स्क्रीन_वाला

मी विरोधात आहे आणि का ते सांगतो, राग मानू नका ताई.

माणसाचे दोन डोळे शेजारी शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. आपल्याला आजूबाजूला खूप दिसतं, वरखाली त्यामानाने कमी. पडदा आडवा झाला तो उगाच नाही. मी लहानपणापासून पेठेतल्या थेटरात सिनेमे बघत आलोय, पडद्याच्या दोन्ही कडा नजरेच्या बाहेर गेल्या की आपण त्या जागेत असतो. उभ्या फ्रेममध्ये मला सारखं दाराच्या फटीतून बघतोय असं वाटतं. दोन माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतायत आणि मधे न बोललेलं काहीतरी पडलंय, हे उभ्यात कसं दाखवणार? पालखी निघालीय, रस्ता भरलाय, ते कसं दाखवणार? उभी फ्रेम आली कारण फोन एका हातात धरायला तसा सोपा पडतो. त्यात कलेचा विचार कोणी केला नव्हता. आणि एक व्यवहाराचं, शेवटी तुम्ही ही फिल्म चार लोकांना एकत्र बसवून दाखवणार ना? आडव्या पडद्यावर ती मधे एक पट्टी दिसणार आणि दोन्हीकडे काळं.

---

दख्खनची_तिपाई

सिंगल स्क्रीनवाल्यांशी माझं निम्मं पटतं, ते शेवटी सांगतो. मी तीसेक वर्षं कॅमेऱ्यामागे आहे, रिळावर सुरुवात केली, आता मिळेल त्यावर करतो.

फ्रेमचा आकार डोळ्यांनी ठरवलेला नाही हो. मूकपट साधारण ४:३ होते. मग आवाज आला, फिल्मच्या कडेला साउंडट्रॅकला जागा द्यावी लागली, त्या गडबडीतून १९३२ साली हॉलिवूडच्या अकॅडमीने रुंदी उंचीच्या १.३७ पट हा आकार पक्का केला. आपल्या लॉ कॉलेज रोडवर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे प्रभातवाले १९३३ ला कोल्हापूरहून आले, त्यांचे सगळे चित्रपट त्या जवळजवळ चौकोनी फ्रेमचे आहेत आणि त्यात कोणाचा श्वास कोंडला असं मी ऐकलं नाही. पडदा लांब ताणला गेला तो १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला तेव्हा, कारण अमेरिकेत टीव्ही घराघरात शिरला होता आणि लोकांना घरात मिळणार नाही असं काहीतरी थेटरात द्यायचं होतं. तेव्हा टीव्हीच्या खोक्याने पडदा आडवा केला, आता फोनने उभा केला. दोन्ही वेळी कारण बाजाराचंच, पण त्यातून कला काढायची की नाही हे आपल्या हातात असतं.

आणि उभं हवंसं वाटणं फोनच्या फार आधीचं आहे. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने १९१६ च्या ‘इन्टॉलरन्स’मध्ये बॅबिलोनच्या तटावरून सैनिक खाली पडतो तेव्हा फ्रेमच्या दोन्ही बाजू काळ्या करून चित्र उभं करून टाकलं, का, तर पडण्याला उंची लागते. १९३० साली हॉलिवूडमध्ये पडदा अजून रुंद करायची चर्चा चालू होती तेव्हा सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने तिथे भाषण करून सांगितलं की चौकोन घ्या, त्यात आडवं पण बसेल आणि उभं पण, उभ्या रचना आपण इतकी वर्षं बाहेरच ठेवल्यात. कोणी ऐकलं नाही. ऑस्ट्रेलियात ब्लू माउंटन्समध्ये कटूंबा म्हणून गाव आहे, तिथे २०१४ पासून फक्त उभ्या फिल्म्सचा फेस्टिवल सुरू झाला. तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, फेस्टिवल घेणारच नाहीत असं काही नाही.

आता तुमच्या गोष्टीचं. ताई, तुम्हाला उभी फ्रेम सुचली कारण वर-खाली असा वाडा आहे. ते बरोबर आहे पण ते सोपं आहे. उंच गोष्ट उंच फ्रेममध्ये बसते हे कोणालाही सुचेल, दीपमाळ, गुढी, मल्लखांब, पर्वतीच्या पायऱ्या. उभ्या फ्रेमची खरी ताकद मला तिच्या दोन बाजूंना वाटते, म्हणजे जे दिसत नाही त्यात. आडव्या फ्रेममध्ये माणूस कडेने आत येतो आणि मधे पोचायला त्याला तीन-चार पावलं लागतात, आपण त्याला येताना बघतो. उभ्या फ्रेममध्ये अर्धं पाऊल, आणि तो एकदम समोर उभा. तसंच जाणं. एक पाऊल बाजूला की माणूस नाहीसा, पण त्याच्या चपलांचा आवाज अजून चालू. एकट्या माणसाच्या घरात हेच होतं ना? कोणीतरी बाजूला आहे असं सारखं वाटतं आणि बघावं तर नाही. सिंगल स्क्रीनवाले म्हणाले दाराच्या फटीतून बघतोय असं वाटतं. बरोबर आहे. काही गोष्टी फटीतूनच बघायच्या असतात, तुमची त्यातलीच आहे.

दुसरं. उभ्या फ्रेममध्ये चेहरा आणि हात एकत्र राहतात. आडव्यात क्लोजअप लावला की हात कापले जातात, मग हातांचा वेगळा इन्सर्ट घ्या, मग कट मारा. उभ्यात आजींचा चेहरा वरच्या तिसऱ्या भागात आणि पिशवीची गाठ मारणारी बोटं खालच्या भागात, एकाच शॉटमध्ये, न कापता. त्या गाठ मारताना कुठे बघतात ते दिसेल. वर बघतात की गाठीकडे. मी तुमच्या जागी असतो तर फक्त या एका शॉटसाठी फिल्म उभी केली असती.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. उभी फ्रेम आजी आणि मुलगा दोघांना एकत्र दाखवू शकते, चौकाच्या तळापासून माळ्याच्या खिडकीपर्यंत. म्हणूनच ते लवकर दाखवू नका. सुरुवातीला आजींच्या फ्रेममध्ये दोरी वरच्या कडेतून बाहेर जाऊ दे, मुलाच्या फ्रेममध्ये ती खालच्या कडेतून बाहेर जाऊ दे. दोरी ताणते, सैल पडते, एवढ्यावरून पलीकडे माणूस आहे हे कळू दे. सात मिनिटं असंच. आणि मग एकदाच कॅमेरा मागे जाऊन पूर्ण उंची उघडा. तो शॉट एकच ठेवा, दोन ठेवलेत तर दोन्ही वाया जातील.

पटतं ते निम्मं म्हणजे टेबलावरचं भांडण. दोन माणसांच्या मधली रिकामी जागा हे आडव्या फ्रेमचं धन आहे, ते उभीला नाही. उभ्यात अंतर दाखवायचं तर लेन्सपासून आत, खोलवर दाखवावं लागतं, एक जवळ एक लांब. पालखीचं मात्र पटत नाही. दिवे घाटात खालून वर बघा, वळणं घेत चढणारी दिंडी उभ्या फ्रेमला जेवढी मानवते तेवढी आडव्याला नाही.

---

कसबा_ते_कॅम्प

तिपाई काकांनी लिहिलेलं दोनदा वाचलं! मी एक उभी फिल्म केलीय, सहा मिनिटांची, बहिणी-बहिणींची, जवळजवळ सगळी एका जिन्यात. जे शिकले ते सगळं सांगते, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

दोन माणसं कशी बसवायची: शेजारी बसवू नकोस. एकीला जिन्यात चार पायऱ्या वर बसव, दुसरीला खाली. कोण वर कोण खाली यावरून त्या क्षणाला कोणाचं पारडं जड आहे ते आपोआप कळतं, आणि सीनच्या मधे एकजण उठून दोन पायऱ्या चढली की नातं बदललं, एक शब्द न बोलता. वाड्याचा जिना असेल तर तो भिंतीच्या आतून जाणारा असेल ना, अंधारा, उंच पायऱ्यांचा, धरायला दोर असलेला? तो म्हणजे उभ्या फ्रेमसाठीच बांधलाय असं समज. दुसरा मार्ग आरशाचा, तिसरा एकीला अगदी लेन्सजवळ आणि दुसरीला पार मागे दारात. ओव्हर द शोल्डर, म्हणजे एकीच्या खांद्यामागून दुसरीचा शॉट, मात्र टाळ, अर्धी फ्रेम खांदाच खातो.

लाइट: याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. उभ्या फ्रेममध्ये जमीन पण दिसते आणि छत पण, वर कडीपाट असेल तर तो सुंदर दिसतो पण म्हणजे वरून लाइट टांगता येत नाही. उलट दोन्ही बाजू फ्रेमबाहेर असतात, तिथे लाइट माणसाच्या अगदी कानाजवळ आणून ठेवला तरी दिसत नाही. मला हे दुसऱ्या दिवशी उमगलं आणि मग एका साध्या एलईडी पॅनेलवर अख्खी फिल्म निघाली. बूमचंही (लांब काठीवरचा माइक) तसंच, नेहमीसारखा डोक्यावरून धरला तर फ्रेममध्ये येतोच येतो, बाजूने छातीच्या उंचीवर धरायचा. तुझ्याकडे संवाद नाहीत पण दोरीचा आवाज आहे, कप्पीचा आवाज आहे, डब्याचा भिंतीला लागून टण्ण असा आवाज होईल, ते सगळे आवाज नीट आणि जवळून रेकॉर्ड कर, नंतर स्टुडिओत करू म्हणशील तर तो वाड्याचा घुमारा येणार नाही.

चौकात ऊन वरून पडतं. म्हणजे फ्रेमचा वरचा भाग पांढराफट्ट आणि खाली आजी काळोखात. आडव्या फ्रेममध्ये आभाळ कापून टाकता येतं, इथे नाही. एकतर ऊन खालपर्यंत उतरेल ती वेळ शोध नाहीतर चौकावर पातळ पांढरं कापड ताणून बांध. तुझं नावच चौकातलं ऊन आहे म्हणजे तुला वेळ माहीत असणार.

दाखवण्याचं: सिंगल स्क्रीनवाले दादांचा मुद्दा खरा आहे. मी एका ठिकाणी स्क्रीनिंगला फाइल दिली, त्यांनी उभी फिल्म आडव्या फाइलमध्ये घालून चालवली, वर त्यांच्या मशीनने ती अजून छोटी केली, चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढी फिल्म. आईबाबा आले होते. मी घरी येऊन रडले. त्यानंतर मी ठरवलं की पडदा आपण न्यायचा. मोठा टीव्ही भिंतीवर उभा लावायचा, वीस खुर्च्या, अंधार. प्रोजेक्टर आडवा पाडून उभं चित्र टाकता येतं पण दिव्यावर चालणारे बरेच प्रोजेक्टर तसे पाडलेले चालत नाहीत, जास्त तापतात, लेझरवाले चालतात, आधी मॅन्युअल बघून घे. तुझी फिल्म तर त्याच वाड्यात, त्याच चौकात, भिंतीवर उभी लावून दाखवता येईल. पाडण्याच्या आधी. विचार कर.

---

रात्रपाळी_एडिटर

कसबाताईंनी सांगितलं त्यात तीन गोष्टी घालतो, मित्राला नक्की दाखव.

लेन्स. कॅमेरा उभा केला की तीच लेन्स वेगळी वागते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स उभी लावली तर वर-खाली ती वाइडच राहते पण डावीकडून उजवीकडे जेवढं दिसतं ते आडव्या धरलेल्या साधारण ४३ मिमीएवढंच. म्हणजे चेहरा नॉर्मल लेन्सवर घेतल्यासारखं वाटतं आणि उंची मात्र वाइडची, आणि म्हणून कॅमेरा जरासा जरी वर झुकवला तरी खांब आत पडायला लागतात. चौकाच्या शॉटला कॅमेरा सपाट ठेव, उंचीवर ने, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून घे, खालून मान वर करून घेऊ नको.

पॅन, म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवणं, करू नका. अरुंद फ्रेममध्ये गोष्ट एका कडेतून दुसरीकडे पटकन निघून जाते, डोळ्याला पकडायला वेळ मिळत नाही, चित्र थरथरतं. टिल्टला (कॅमेरा वर-खाली फिरवणं) उलट भरपूर प्रवास मिळतो, दोरीबरोबर हळू वर जा, छान जाईल. फक्त एक, कॅमेऱ्यातला सेन्सर चित्राच्या ओळी एकेक करून वाचतो, कॅमेरा उभा केला की त्या ओळी पण उभ्या होतात, त्यामुळे जोरात टिल्ट केला तर आडव्या कडा तिरक्या झालेल्या दिसतात. वाड्यात सगळ्या तुळया आडव्या. सावकाश करा.

आणि कट. फोनवर उभं बघताना नजर वरखाली फार लांब जाते. एका शॉटमध्ये लक्ष तळाशी, पुढच्या शॉटमध्ये एकदम माथ्याशी असं केलं तर दर कटला माणूस अर्धा सेकंद हरवतो. तुझ्या फिल्ममध्ये दोरी आहे, ती नजरेला वर घेऊन जाईल, कट तिच्या हालचालीवर मार. टायटल आणि चिठ्ठीचा मजकूर अगदी तळाशी नको, तिथे ॲपची बटणं आणि नाव येतं, उजव्या कडेलाही येतं. मराठी अक्षरांना वर वेलांटी खाली उकार, तेव्हा ओळींमध्ये जागा जास्त सोड, दोन ओळींच्या वर जाऊ नको.

---

सिंगल_स्क्रीन_वाला

तिपाईसाहेब, दोरी फ्रेमबाहेर जाते ते वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. माझ्या आजीकडे नारायण पेठेत असंच होतं, भाजीवाल्याला वरून टोपली सोडायची, मी खाली उभा राहून वर बघायचो तर आजी दिसायची नाही, फक्त हात दिसायचा. ते आडवं आठवत नाही मला, उभंच आठवतं.

तरी एक म्हणणं सोडत नाही. उभी फिल्म करा पण फोनवर बघणाऱ्याच्या घाईला शरण जाऊ नका. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलंच पाहिजे असा जो धाक असतो ना, तो आकाराचा नाही, ॲपचा आहे. ताईंच्या फिल्ममध्ये पहिल्यांदा नुसती दोरी वीस सेकंद लोंबकळली तर मी बघेन.

---

चौकातलं_ऊन

मंडळी काय लिहू. प्रिंट काढून मित्राला दिलं, त्याने टपरीवर उभं राहून सगळं वाचलं, काही बोलला नाही, म्हणाला रविवारी वाड्यावर जाऊ.

गेलो होतो. आजींचं काम करणार आहेत त्या आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू, त्या पण आल्या, आणि कॅमेरा त्याने खरंच उभा लावला, ब्रॅकेट नव्हता म्हणून ट्रायपॉडचं डोकं नव्वद अंशांत पाडून, ते सारखं घसरत होतं. पहिले दोन तास वाईट गेले. सगळं मोबाईलवर काढल्यासारखंच दिसत होतं, मला वाटलं मित्राचं बरोबर होतं. मग गाठीचा शॉट लावला, चेहरा वर, बोटं खाली. काकूंना मी फक्त सांगितलं होतं की डबा बांधा. त्यांनी पिशवीची गाठ मारली, वर बघितलं, आणि मग गाठ सोडून परत मारली, जास्त घट्ट. मी सांगितलं नव्हतं. मित्राने कट म्हटलंच नाही, चालू ठेवलं, दोरी वर गेली आणि काकूंची नजर तिच्याबरोबर फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

नंतर तो चहा पिताना म्हणाला, आडव्यात मी इथे दोन कट केले असते.

कडेने बाहेर जाण्याचंही करून बघितलं. काकू ओसरीवरून उठून एक पाऊल डावीकडे गेल्या, फ्रेममध्ये फक्त खांब आणि कोनाडा उरला, आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. आम्ही तो पावणेदोन मिनिटं चालू ठेवला. तेवढा फिल्ममध्ये ठेवता येणार नाही बहुतेक, पण चाळीस सेकंद तरी ठेवणार.

अडलंय ते शेवटच्या पूर्ण उंचीच्या शॉटवर. गॅलरीतून सपाट कॅमेरा ठेवला तर खाली आजी आणि वर खिडकी दोन्ही येत नाहीत, समोरची गॅलरी फार जवळ आहे, अठरा-वीस फूटच. २४ पुरत नाही. १६ ची लेन्स भाड्याने आणावी का? की खालून वर बघत घेऊ आणि खांब झुकले तर झुकू दे?

---

दख्खनची_तिपाई

गाठ दोनदा मारली तो टेक जपून ठेवा, त्याच्या दोन कॉपी करा आजच.

१६ आणू नका. उंची येईल पण आजी तळाला मुंगीएवढ्या होतील आणि कडांना चेहरे ताणले जातील, तुमच्या दोन्ही माणसांचे चेहरे नेमके कडांनाच आहेत. एका स्थिर शॉटमध्ये दोघं बसत नसतील तर एका शॉटमध्ये दोघांना भेटवा. कॅमेरा आजींवर सुरू करा, दोरीबरोबर वर जा, पण या वेळी कडेशी थांबू नका, खिडकीपर्यंत जा. त्याचा हात दोरीवर आला की तिथे थांबा. सात मिनिटं प्रेक्षकाची नजर ज्या कडेला आपटून परत आलीय ती कड पहिल्यांदाच सरकेल. रात्रपाळीवाल्यांनी टिल्टबद्दल सांगितलंय ते लक्षात असू द्या, तुळया आहेत, सावकाश.

खांब झुकायचे ते झुकतील. आपण मान वर करतो तेव्हा झुकतातच.

ऊन चौकात तळापर्यंत किती वाजता येतं?

---

चौकातलं_ऊन

काका, आत्ता या दिवसांत साडेअकराच्या सुमाराला येतं, पंधरा-वीस मिनिटं हौदापर्यंत असतं, मग भिंत चढायला लागतं. टिल्टचं वाचून मित्राला लगेच फोन केला, तो म्हणाला हेच करू. या शनिवारी आहोत आम्ही वाड्यावर, सकाळी नऊपासून.

---

रात्रपाळी_एडिटर

माझ्याकडे एल-ब्रॅकेट आहे आणि उभा लावायचा छोटा मॉनिटरपण. शनिवारी सुट्टी आहे. पेठेत गाडी लावायला जागा मिळणार नाही, बसने येतो, पत्ता मेसेज कर.